तपासले : शंभर टक्के

प्रोग्राम पुन्हा त्र्याऐंशी टक्क्यांवर मेला.

चाळणीबाईंनी पडद्यावरची लाल ओळ वाचली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी डोळे चोळले. काल सकाळी लावलेले काम. एकतीस तास यंत्र घरघरत होते आणि आता सांगत होते, की डिस्कवर जागा उरली नाही. जागा नाही हे त्याला पहिल्या तासाला का कळू नये? यंत्राशी भांडून उपयोग नसतो हे बाईंना ठाऊक होते. तरी त्यांनी त्याला एक शिवी हासडलीच. फक्त ओठातल्या ओठात, कारण खोलीचे दार उघडे होते आणि दाराबाहेरच्या बाकावर धाकटी बसली होती.

धाकटी दर मंगळवारी यायची. इस्पितळाच्या तळमजल्यावर तिच्या दादाचे डायलिसिस चालायचे, चार तास. दादा एकदा नळ्या लावून खुर्चीत आडवा झाला की धाकटी जिना चढून चौथ्या मजल्यावर यायची आणि जनुकांच्या विभागासमोर ठाण मांडायची. सव्वीस वर्षांची पोरगी. लोकांना मोटार चालवायला शिकवणे हा तिचा धंदा, त्यामुळे आवाज खणखणीत आणि नजर चारी बाजूंना.

"काय झालं मॅडम?" तिने बाकावरूनच विचारले. "परत बंद पडलं?"

"बंद नाही पडलं. जागा संपली."

"म्हणजे बंदच पडलं."

बाईंनी चष्मा पुन्हा चढवला.

"गेल्या मंगळवारीही हेच. त्याच्या आधीच्या मंगळवारी रांगेत होतं. माझ्याकडचा शिकाऊ इतक्यांदा चढावर गाडी बंद पाडायला लागला ना, तर मी त्याला सांगते, बाबा रे, तू सायकल घे."

"मग तूच ये हे चालवायला."

"दाखवा, क्लच कुठे आहे?"

हसू मात्र दोघींनाही आले नाही. शस्त्रक्रिया सतरा दिवसांवर आली होती.

प्रकरण असे होते. दादाच्या दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याचे फोड झाले होते. ते वाढत गेले आणि अडतिसाव्या वर्षी मूत्रपिंडांनी हात टेकले. त्यांचे वडील याच आजाराने गेले होते. हा आजार घराण्यातून उतरतो, आणि ज्याला तो आहे त्याच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. धाकटी आपली एक किडनी दादाला द्यायला तयार होती. नुसती तयार नव्हती, हट्टाला पेटली होती. रक्तगट जुळला, बाकी सगळेही जुळले. सोनोग्राफीत तिच्या मूत्रपिंडात एकही फोड दिसला नाही. पण या घरात फोड उशिरा दिसत. दादाचीही सव्विसाव्या वर्षी सोनोग्राफी झाली होती, आणि तेव्हा तीही स्वच्छ होती.

म्हणून किडनीच्या डॉक्टरांनी दोघांचे रक्त चौथ्या मजल्यावर पाठवले. दादाच्या जनुकात ज्या बदलाने आजार आला तो बदल शोधा, आणि तो धाकटीत आहे की नाही ते सांगा. नसेल तर शस्त्रक्रिया. असेल तर नाही, कारण मग दादाला पुन्हा आजारीच किडनी मिळणार आणि धाकटीजवळ एकच उरणार, तीही आजारी.

ऐकायला सोपे आहे. घोडे अडले होते वेगळ्याच ठिकाणी. धाकटीत तो बदल सापडला नव्हता. पण तो दादातही सापडला नव्हता.

टेबलावरचा फोन वाजला. किडनीचे डॉक्टरच होते.

"बाई, गुरुवारी शस्त्रक्रियेची समिती बसतेय. रिपोर्ट?"

"नाही झाला."

"बहिणीचा झालाय की. काही सापडलं नाही म्हणालात ना?"

"भावातही सापडलं नाही."

"भाऊ आजारी आहे हे मला तुमच्या यंत्राशिवाय कळतं. मला बहिणीचं हवंय. सापडलं नाही, एवढं लिहा. त्यात खोटं काय आहे?"

"डॉक्टर, एका घरात किल्ली आहे हे तुम्हाला मला दोघांना पक्कं माहीत आहे. तिथे मला ती मिळत नाहीये. मग दुसऱ्या घरातही मिळाली नाही, असं मी सांगितलं तर त्याला काय किंमत?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "पण तुमच्याच कच्च्या रिपोर्टवर लिहिलंय. हे बघा, 'जनुक तपासले : शंभर टक्के'."

"लिहिलंय."

"मग?"

"मग तेच कळत नाहीये."

"तुमचं कळेपर्यंत इथे माणूस आठवड्यातून तीनदा नळ्या लावून बसतो," डॉक्टर म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांचे चुकले नव्हते. म्हणूनच बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यांना चाळणीबाई हे नाव का पडले ते इथे सांगायला हवे. माणसाच्या पेशीतला मजकूर यंत्राला पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सलग वाचता येत नाही. यंत्र त्याचे बारीक तुकडे करते, दीडशे दीडशे अक्षरांचे. एका माणसाचे साठ कोटी तुकडे. मग प्रोग्राम प्रत्येक तुकडा एका नमुना-प्रतीशी ताडून बघतो, की हा नेमका कुठला. या कामात नुसता केर निघतो. यंत्र चुकीचे अक्षर वाचते, तुकडा भलत्या जागी बसतो, आणि जिथे काहीच नाही तिथे प्रोग्राम आजार दाखवतो. आठ वर्षांपूर्वी बाई या विभागात आल्या तेव्हा एका माणसामागे असे तीन-तीनशे खोटे इशारे निघत. ते हाताने तपासता तपासता सगळ्यांच्या नाकी नऊ यायचे. तीन वर्षांपूर्वी बाईंनी एक चाळणी लिहिली. भरवशाचे तुकडे खाली, बिनभरवशाचे बाजूला. तीनशेचे अकरा झाले. विभागात त्या दिवशी सगळ्यांनी त्यांना केक भरवला आणि नाव ठेवले. बाईंना ते नाव आवडायचे, पण आवडते असे त्या दाखवत नसत.

आज ते नाव त्यांना टोचत होते, आणि का टोचते ते समजत नव्हते. दादाचे तुकडे त्यांनी तीनदा नव्याने लावले होते. एकदा प्रोग्रामची जुनी आवृत्ती, एकदा नवी, एकदा दुसऱ्याच विद्यापीठाचा प्रोग्राम. दोनदा उत्तर आले, 'काही नाही'. तिसऱ्या वेळी डिस्क भरली, आणि आज पुन्हा भरली.

दारात एक जाड लोकरी स्वेटर उभा राहिला. स्वेटरच्या आत थंडोबा होता. सर्व्हरच्या खोलीत यंत्रे तापू नयेत म्हणून बारा महिने गारठा ठेवलेला असतो, आणि हा गृहस्थ दिवसभर तिथे बसायचा. बाहेर घाम फुटत असला तरी त्याचा स्वेटर उतरत नसे.

"बाई, तुमचं काम मेलं."

"माहीत आहे."

"मी नाही मारलं. जागा नाही."

"जागा करा मग. तेच तुमचं काम ना?"

"करतो की. पण तुमचंच एक कपाट गळ्यापर्यंत भरलंय. 'बाजूला' नावाचं. तीन वर्षांचा ढीग आहे. उघडून कोणी बघितल्याची एक नोंद नाही. पुसू का?"

"पुसा."

"सगळं?"

"पुसा म्हटलं ना. मला त्या दादाचं काम लावायचंय, आज, आत्ता."

थंडोबा गेला. बाकावरून धाकटीने मान वर केली. "काय पुसताय मॅडम?"

"काही नाही गं. केर. चाळणीतून वर राहिलेला."

"तो बघितला का तुम्ही?"

"बघण्यासारखा नसतो, म्हणून तर तो केर."

धाकटीने भुवया उचलल्या. समोरून ट्रक येत असताना शिकाऊ माणूस 'मला दिसतोय' म्हणाला, तर ती अशाच भुवया उचलत असणार.

बाईंनी काम पुन्हा लावण्यासाठी खिडकी उघडली. जुनी आज्ञा शोधली, दादाचा क्रमांक टाकला आणि हात थांबला. त्यांच्या डोक्यात डॉक्टरांचे वाक्य अजून ठणकत होते. शंभर टक्के. एवढे मोठे जनुक, ज्याच्या सहा अर्ध्यामुर्ध्या नकला त्याच गुणसूत्रावर पडलेल्या आहेत, हे त्यांना पाठ होते. हे जनुक आणि शंभर टक्के? इतर जनुकांत अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव येते. सगळ्यात अवघड पोराला पैकीच्या पैकी गुण कसे?

त्यांनी तीन वर्षांपूर्वीची आपलीच चाळणी उघडली आणि वरून खाली वाचायला लागल्या. चारशे ओळी होत्या. दोनशे साठाव्या ओळीवर त्या थांबल्या. ओळ त्यांच्याच हातची होती. जे तुकडे एकाहून जास्त ठिकाणी सारखेच बसतात त्यांना प्रोग्राम 'विश्वास शून्य' असा शेरा देतो. ते 'बाजूला' टाकायचे. इथपर्यंत ठीक होते. पण त्याच्या खालच्या ओळीत लिहिले होते, की ज्या जागेवर फक्त असेच तुकडे येतात ती जागा टक्केवारीच्या हिशेबात धरूच नये. ना तपासलेल्यात, ना एकूणात.

म्हणजे जे दिसत नव्हते ते वगळून, उरलेले शंभर टक्के दिसत होते.

ती दुपार त्यांना आता लख्ख आठवली. पहिल्या रिपोर्टवर या जनुकापुढे बत्तीस टक्के आले होते. विभागाचे मोठे सर म्हणाले होते, "असं छापलं तर लोक रक्त दुसरीकडे पाठवतील. काहीतरी करा." बाईंनी काहीतरी केले होते. दहा मिनिटांचे काम. पुढे सवडीने बघू म्हणून ते तुकडे कपाटात ठेवले. सवड झाली नाही, आणि मग स्वतःच लिहिलेल्या आकड्यावर त्या परक्यासारखा विश्वास ठेवायला लागल्या.

खुर्ची मागे पडली. धाकटी दचकून उठेपर्यंत बाई जिन्यात होत्या. या वयात दोन मजले त्या याआधी कधी एका दमात उतरल्या नव्हत्या. सर्व्हरच्या खोलीचे दार उघडले तेव्हा गार वाऱ्याने त्यांचा श्वास अडकला.

"थांबवा," त्या म्हणाल्या. "पुसणं थांबवा."

थंडोबाने एक कळ दाबली आणि मग त्यांच्याकडे बघितले. "थांबवलं. नवीनकडून जुन्याकडे पुसत होतो. चाळीसेक जण गेले."

"भाऊ-बहीण होते. या वर्षीचे क्रमांक ऐंशी आणि एकशे सहा."

त्याने यादी वर-खाली केली. "एकशे सहा गेला. ऐंशी आहे."

एकशे सहा म्हणजे धाकटी. तिचे रक्त दादानंतर पाच आठवड्यांनी आले होते.

"तिचं मूळ वाचन जपून ठेवलेल्या टेपवर असेल," थंडोबा म्हणाला. "टेप दुसऱ्या इमारतीत. मागवायला अर्ज, मग रांग. चार दिवस."

"चार दिवस कशाला? इथून दिसते ती इमारत."

"दिसते हो. मी पण रोज बघतो." त्याने खुर्चीच्या पाठीवरची जास्तीची शाल उचलून बाईंना दिली. "बाई, पुसा तुम्हीच म्हणालात."

"मीच म्हणाले," बाई म्हणाल्या.

दादाचे 'बाजूला' पडलेले तुकडे त्यांनी त्याच दुपारी उघडले. प्रोग्रामच्या मदतीने नव्हे, डोळ्यांनी. जनुकाची आणि सहा नकलांची मिळून सात ठिकाणे, आणि त्या सातांत कुठेही बसू शकतील असे तुकडे त्यांनी एकाखाली एक रचले, जशी पहिलीतली पोरे एकच शब्द पाटीभर गिरवतात तसे. ओळीवर ओळ, सगळ्या सारख्या. बोट पडद्यावर ठेवून त्या अक्षर अक्षर सरकत गेल्या. चार दिवस त्यांनी दुसरे काहीही केले नाही. मानेचा काटा ढिला झाला. प्रत्येक वेगळे अक्षर दिसले की त्या थांबून पुन्हा तपासायच्या, आणि मग ते यंत्राची चूक निघायचे. शनिवारी, जेवणाची सुट्टी टळून गेल्यावर, एका जागी सगळ्या ओळींत 'ग' होता तिथे काही ओळींत 'अ' दिसला. त्यांनी ओळी मोजल्या. दोनशे तीन. 'अ' असलेल्या पंधरा.

चौदात एक. सात ठिकाणे, आणि प्रत्येकाच्या दोन प्रती, एक आईकडून, एक बापाकडून. सात दुणे चौदा. त्या चौदांतल्या एकाच प्रतीत बदल असेल तर इतक्याच ओळी निघायला हव्यात. बाकीच्या जनुकांत आजाराचा बदल निम्म्या ओळींत दिसतो. चौदात एक दिसला तर कोणताही प्रोग्राम यंत्राची चूक समजून टाकून देतो.

पण ही चौदातली प्रत खऱ्या जनुकाची, की एखाद्या निरुपयोगी नकलेची? हे या ओळींतून कळणार नव्हते. ओळींना तेच माहीत नव्हते. बाईंनी कपाळ टेबलावर टेकवले.

सोमवारी त्या मोठ्या सरांच्या खोलीत उभ्या होत्या. सरांनी त्यांचे पत्र दोनदा वाचले.

"चारशे बारा रिपोर्ट?"

"ज्यांच्यात अशी न दिसणारी जागा आहे ते. सगळ्यांवर शंभर टक्के छापलंय. सगळ्यांना कळवायला हवं."

"हे आधी माझ्याशी बोलायचं होतं. लिहून कशाला दिलंत?"

"आधी बोलले होते, तीन वर्षांपूर्वी. तुम्ही म्हणालात, काहीतरी करा."

सर खिडकीबाहेर बघायला लागले. "मी असं करा म्हणालो नव्हतो."

"नाही. असं मीच केलं. म्हणून खाली सही माझीच आहे."

"आणि समितीला काय सांगू? बहिणीचा रिपोर्ट?"

"अजून आठ दिवस."

"तुमचे आठ दिवस म्हणजे किती असतात, बाई?"



पुढचे काम पिपेटकाकूंचे, आणि ते शनिवारीच सुरू झाले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत तीस वर्षे पिपेटच्या बारीक नळीने रसायने मोजणारी ही बाई हातमोज्यांतच जन्मली असावी असे लोक म्हणत. चाळणीबाईंनी तिला सांगितले, की खरे जनुक आणि नकला अगदी सारखे असले तरी कडेला एका ठिकाणी वेगळे पडतात. त्या वेगळ्या कडेला पकडायचे आणि तिथून एक लांबच लांब तुकडा ओढून काढायचा, न तुटता. मग तो तुकडा खऱ्याचाच असणार, आणि त्यात 'अ' आहे का ते बघायचे.

"इतका लांब?" पिपेटकाकूंनी डोळे बारीक केले. "तुम्हा वरच्या मजल्यावरच्यांना वाटतं खाली दोरखंड विकायला ठेवलेत."

"जमेल का?"

"जमेल. लगेच जमणार नाही."

तेच झाले. पहिल्यांदा दादाचा तुकडा मधेच तुटला. दुसऱ्यांदा धाकटीच्या रक्तातून काहीच निघाले नाही, आणि नवे रक्त घ्यावे लागले. त्या मधल्या मंगळवारी धाकटी दंडाला कापूस दाबून बाकावर येऊन बसली.

"आता कुठवर?"

बाईंनी तिला सगळे सांगितले. कपाट, शंभर टक्के, पुसलेला ढीग, सगळे. सांगायची गरज नव्हती, आणि नियमात तर नव्हतेच. धाकटी कापूस दाबून ऐकत होती.

"म्हणजे तुम्ही जे दिसत नाही ते मोजलंच नाही."

"नाही."

"गाडीच्या आरशात एक कोपरा दिसत नाही," धाकटी म्हणाली. "शेजारून चाललेली अख्खी स्कूटर त्यात मावते. मी पहिल्या दिवशी शिकवते, मान वळवून बघ. आरशात सगळं दिसतं म्हणणाऱ्याला मी परीक्षेला पाठवत नाही."

"बरोबर करतेस."

"तुम्ही नापास आहात मॅडम."

"आहे."

धाकटीने कापूस काढला, रक्त थांबले का ते बघितले. "पण आता वळवताय ना मान? मग लवकर वळवा. पुढच्या शुक्रवारी शस्त्रक्रिया, दहा दिवस राहिलेत."

पुढच्या सोमवारी पिपेटकाकू स्वतः जिना चढून आल्या. एरवी त्या कोणासाठी वर येत नसत. कागद टेबलावर ठेवून त्या उभ्याच राहिल्या. दादाच्या खऱ्या जनुकात 'अ' होता. दुसऱ्या कागदावर धाकटीचे होते. तिथेही 'अ' होता.

तोवर टेपही आली होती. अर्ज दोनदा परत आल्यामुळे चाराचे बारा दिवस झाले होते. बाईंनी धाकटीच्या ओळी रचून मोजल्या. एकशे शहाण्णवात चौदा. मोजायची गरज नव्हती, तरी त्यांनी दोनदा मोजल्या, आणि दुसऱ्यांदा मोजताना तेरा भराव्यात, दहा भराव्यात, काहीतरी बिनसावे असे त्यांना वाटत होते. इतके दिवस ज्याच्यामागे हात धुऊन लागल्या होत्या ते सापडले होते, आणि ते कुणालाच नको होते.

मंगळवारी किडनीच्या डॉक्टरांनी दोघा भावंडांना डायलिसिसच्या शेजारच्या छोट्या खोलीत बोलावले आणि बाईंनाही बसायला सांगितले. दादा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. बोटे जाड, बोलणे कमी. दंडावर पट्टी होती. डॉक्टर चांगले बोलले. आडपडदा ठेवला नाही आणि घाईही केली नाही. शस्त्रक्रिया होणार नाही. धाकटीलाही आजार आहे, पण अजून सुरुवात नाही. आता कळले म्हणून औषधाने, रक्तदाब सांभाळून तो बरीच वर्षे लांबवता येईल. दादाचे नाव यादीवर वर सरकवू.

दादाने दंडावरची पट्टी सारखी केली.

"बाबांनी वाटणी अगदी सारखी केली म्हणायची," दादा म्हणाला. "मला वाटायचं तुझ्यावर जास्त जीव."

धाकटी हसली नाही. ती बाईंकडे बघत होती. "तुम्ही तेव्हाच सही केली असती तर शुक्रवारी झालं असतं."

"झालं असतं," बाई म्हणाल्या. "आणि दहा-पंधरा वर्षांनी तुम्ही दोघंही त्या खुर्च्यांत असता. तू एकाच किडनीवर."

"ते कळतं हो मला. मी काही बिनडोक नाही." तिचा खणखणीत आवाज तसाच होता, फक्त शेवटी चिरला. "कळतं म्हणून राग जातो असं थोडंच आहे? माझं सगळं ठरलं होतं. सुट्टी टाकली होती. माझ्या शिकाऊंना दुसरीकडे दिलं होतं. मी देणारी होते, आणि आता मीच पेशंट. तुम्ही एका कागदावर हे केलंत."

"धाकटे," दादा म्हणाला.

"तू गप्प बस. तुला तर बरंच झालं. तुला नकोच होती माझी."

"नकोच होती," दादा म्हणाला. "पहिल्या दिवसापासून सांगत होतो. पण ती अशी हुकायला नको होती."

बाईंना सॉरी म्हणायचे होते. तीन महिन्यांच्या उशिराबद्दल म्हणता आले असते. पण खऱ्या उत्तराबद्दल सॉरी कसे म्हणतात ते त्यांना येत नव्हते. त्या उठून बाहेर आल्या, आणि लिफ्ट सोडून चार मजले चढून गेल्या.

वर त्यांनी दोनशे एकसष्टावी ओळ पुसली. आता दादाच्या रिपोर्टवर त्या जनुकापुढे बत्तीस टक्के आले, आणि खाली न दिसलेल्या जागांची यादी, दीड पान. मोठ्या सरांना ते बघवले नाही, पण त्यांनी अडवलेही नाही. चारशे बारा जुने रिपोर्ट एकेक करून उघडायचे होते. प्रोग्रामवर सोडण्याजोगे त्यात थोडेच होते, बाकी डोळ्यांनी. त्यातल्या चाळीस जणांचे ढीग बाईंनीच पुसायला लावले होते. त्यांच्या टेपा मागवायच्या होत्या, आणि अर्जाचा नमुना मधल्या काळात बदलला होता. थंडोबाने नवी डिस्क आणली, ती चुकीच्या मापाची निघाली. पहिल्याच आठवड्यात काम दोनदा मेले, एकदा अठ्ठ्याहत्तर टक्क्यांवर आणि एकदा, सवयीने असेल, त्र्याऐंशीवर.

पुढचा मंगळवार आला. धाकटी येणार नाही असे बाईंनी धरून ठेवले होते. बाक रिकामा होता. साडेअकराच्या सुमाराला जिन्यात पावले वाजली आणि ती येऊन बसली. हातात औषधांची नवी पिशवी होती. तिने आत बघितले नाही. बाईंनीही बाहेर बघितले नाही. दोघींच्या मधे उघडे दार तसेच राहिले, चांगला अर्धा तास.

"ते बाकीचे," धाकटीने शेवटी विचारले. "चारशे बारा. त्यात असा कोणी असेल? किडनी देऊन बसलेला?"

"असू शकतो."

"किती झाले बघून?"

"एकोणीस."

धाकटीने मनात हिशेब केला असावा. तोंड वाकडे केले.

"फारच सावकाश चालवता तुम्ही," ती म्हणाली, आणि पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली.

बाईंनी चष्मा लावला, बोट पडद्यावर ठेवले आणि विसावा रिपोर्ट उघडला.